देग रिकामी आली नाही

१

देग सोमवारी गेली असं आमच्या वस्तीवर सगळे सांगतात. ती नक्की कधी गेली ते कोणालाच ठाऊक नव्हतं. ती जागेवर नाही हे सोमवारी कळलं, एवढंच.

वस्ती अंथुर्ण्याच्या पुढं, कालव्याच्या कडेला. इथं सोबती सेवा मंडळ आहे. शांतवन साळवे नावाच्या ख्रिस्ती शिक्षकांनी नोकरी संपल्यावर ते काढलं. ग्रामपंचायतीने दिलेल्या दोन खोल्या आहेत. एकीत बायकांचा शिवणवर्ग आणि ऊसतोडीला आलेल्यांच्या पोरांची बालवाडी, दुसरीत कोठी. साळवे सर सकाळी एकटेच प्रार्थना करतात आणि मग दार उघडतात. ‘तुम्हीही बसा’ असं ते कधी कोणाला म्हणाले नाहीत. त्यांचं म्हणणं एवढंच, की देव मानायचा तर शेजाऱ्याच्या पंगतीला बसता आलं पाहिजे. म्हणून दर सव्वीस जानेवारीला झेंडावंदन आणि ग्रामसभा झाली की सगळ्या वस्तीचं एकत्र जेवण होतं. एकच तांब्याची देग आणि तिच्यात लापशी. दस्तगीर मुलाणी रांधतात, बचत गटाच्या बायका वाढतात, पत्रावळी साळवे सर उचलतात.

एरवी ही देग ज्याला लागेल त्याला मिळते. जावळाचं मटण तिच्यात शिजतं, उरसाचं शिजतं, लग्नाची आमटीही शिजते.

मंडळात कामाला असलेली स्वप्नाली सोमवारी सतरंज्या काढायला कोठीत गेली आणि ओरडतच बाहेर आली. दुपारपर्यंत साऱ्या वस्तीने चोर ठरवून टाकला होता. उरूस चांद्रमासाच्या तिथीने फिरत फिरत यंदा नेमका याच दिवसांत आला होता. दस्तगीरभाईंनी उरसासाठी देग मागितली होती. जेवण तोंडावर आलंय म्हणून साळवे सरांनी नको म्हटलं होतं. लोकांना आणखी काय पाहिजे?

बुधवारी सकाळी स्वप्नाली आली, तर देग मंडळाच्या ओट्यावर उभी. घासलेली, पुसलेली, तोंडावर फडकं बांधलेलं.

फडकं सोडल्यावर ती साळवे सरांना म्हणाली, “सर, हितं काय तरी हाय.”

देगीच्या तळाला मूठभर गहू होता आणि त्यावर गुळाचा एक खडा.

२

साळवे सरांनी पोलिसांत जायचं टाळलं आणि कऱ्हाटीच्या जयवंताबाईंना फोन केला. जयवंताबाई फौजदार म्हणून निवृत्त झालेल्या. गुडघे दुखतात, चहात साखर चालत नाही, आणि या दोन्हीचा राग त्या समोरच्यावर काढतात. बारामतीत एसटी बदलून त्या दुपारी आल्या.

“कोठीच्या किल्ल्या किती?” त्यांनी विचारलं.

“एकच,” साळवे सर म्हणाले.

“कोणाकडं असते?”

“शिवणवर्गाच्या दारामागं खिळ्याला.”

“आणि हे कोणाला माहीत आहे?”

सरांनी स्वप्नालीकडे पाहिलं. स्वप्नाली म्हणाली, “समद्यांनाच की. बचत गटाच्या चटया तितंच असत्यात.”

“मग कुलूप कशाला लावता?”

“चोर येऊ न्हाय म्हणून.”

जयवंताबाईंनी डोळे मिटून घेतले. मग विचारलं, “तुझा नवरा काय करतो?”

“एमआयडीसीत भंगाराचं दुकान हाय त्यांचं.” स्वप्नालीचा चेहरा पडला. “मावशी, तांब्याचा भाव मला बी कळतो. पण इकायची असती तर परत कशाला आली असती?”

“तेच विचारतेय मी स्वतःला.”

एवढ्यात आप्पासाहेब आले. कारखान्याचे जुने सभासद, गावात वजन. मंडळाच्या खोल्या पतसंस्थेला मिळाव्यात म्हणून त्यांची खटपट चाललेली, हे सगळ्यांना माहीत.

“सापडला का चोर?” त्यांनी खुर्ची ओढली. “परवा ग्रामसभा हाय. चोर दाखवा, न्हायतर खोल्या मोकळ्या करा. बाटलेल्या देगीतलं आमी खानार न्हाय.”

“तुम्हाला खोल्या पाहिजेत आणि देग आत्ताच गेली. बरं जुळून आलं,” जयवंताबाई म्हणाल्या.

आप्पासाहेब हसले. “बाईसाहेब, खोल्या पाहिजेत हे मी चावडीवर बोंबलून सांगतो. त्यासाठी भांडी पळवू? आन पळवलीच तर परत आणून वर गहू-गूळ ठेवीन? मी काय पाहुणचाराला आलो होतो?”

जयवंताबाई उठल्या आणि देगीत वाकल्या. मूठभर दाणे हातात घेऊन त्यांनी उजेडात धरले. दाणा लांबट, तांबूस होता. काहींना टरफल अजून घट्ट चिकटलेलं होतं. त्यांनी ते रुमालात बांधले. मग आतल्या बाजूवरून बोट फिरवलं. आत सगळं चांदीसारखं पांढरं होतं. पळीचा एक ओरखडा नव्हता. त्यांनी वास घेतला.

“नवसागर,” त्या म्हणाल्या. “सर, देगीला नवी कल्हई झाली आहे. कल्हई झाल्यापासून हिच्यात काही शिजलेलं नाही.”

साळवे सरांचा चेहरा उजळला. “म्हणजे दस्तगीरभाई सुटले!”

“सुटले कसले?” आप्पासाहेब म्हणाले. “मटान शिजवलं आन पाप झाकायला कल्हई केली. आता तर पक्कंच झालं.”

जयवंताबाईंनी रुमाल कमरेला खोचला. आप्पासाहेब गेल्यावर साळवे सर हळू आवाजात म्हणाले, “बाई, खोल्या गेल्या तर झाडाखाली पोरं बसवीन. पण ग्रामसभेत दस्तगीरभाईंना कोणी चोर म्हटलं, तर हे काम मी कोणत्या तोंडाने करू?”

३

दस्तगीरभाई घराच्या अंगणात शेळीला पाला घालत होते. साठी ओलांडलेला माणूस. त्यांनी बाज पुढं केली, पण पाणी विचारलं नाही. आपल्या घरचं पाणी ही बाई पिणार का, याची त्यांना आता खात्री राहिली नव्हती. जयवंताबाईंनी स्वतःच मागितलं.

“उरसाला कशात शिजवलं?”

“भाड्याची पातेली आणली इंदापुरातनं. इचारा त्याला. पण इचारून काय व्हनार? लोकं म्हनतील भाडेवाला बी फितूर हाय.”

“देग परत आली ती गहू-गूळ घालून. तुमच्याकडं अशी पद्धत आहे?”

“बाई, ही काय हिंदू-मुसलमानाची पद्धत हाय व्हय? मागून आणलेलं भांडं रिकामं परत देतं का कोन? माझ्या आईनं वाटीभर तेल आणलं तरी वाटीत चिमूटभर साखर घालून धाडायची.” त्यांनी शेळीपुढं आणखी पाला टाकला. “पण आमच्या घरात गहू न्हाय. रेशनचं दळून आणतो, पिठाचाच डबा हाय. घरात जाऊन बघा.”

“बघत नाही.”

“बघा की! समदं गाव मनातल्या मनात बघतंयच.” त्यांचा आवाज चढला. “जत्रंत बोकड कापायला मीच लागतो. सुरी माझी, हात माझा, तवा कोनाला बाट लागत न्हाय. एक भांडं दोन दिस दिसलं न्हाय, तर पयलं नाव माझं. म्या सरास्नी सांगितलंय, परवा मी रांधनार न्हाय.”

“रांधला नाहीत तर लोक म्हणतील, खरंच असणार.”

“आन रांधलं तर खानार न्हाईत. सांगा, काय करू?”

जयवंताबाई पाणी पिऊन उठल्या. कुंपणापाशी त्यांनी मागं वळून विचारलं, “बारामतीत कल्हई कोण करतं आता?”

“आता कोन उरलंय? एकटा याकूब. माझा मावसभाऊ.”

असं सांगून आपण स्वतःच्याच गळ्यात दोर अडकवला, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि ते पुन्हा शेळीकडे वळले.

४

जयवंताबाई चिडून मुक्ताबाईंच्या मळ्याकडे निघाल्या. मुक्ताबाई त्यांच्या चुलत नणंद आणि बचत गटाच्या अध्यक्षा. गळ्यात तुळशीची माळ, घर शाकाहारी, बोलणं गोड. एकत्र जेवणाच्या पहिल्या वर्षी बायका दारातून पुढं येईनात, तेव्हा हिनेच दस्तगीरभाईंच्या शेजारी उभं राहून पहिला घास घेतला होता. तेव्हापासून वस्तीत तिचा शब्द चालतो.

अंगणात तिचा मुलगा ऋषिराज दुधाच्या गाडीवर कॅन चढवत होता. रोज सकाळ-संध्याकाळ ही गाडी मळ्यातून निघते आणि मंडळापुढून बारामतीच्या डेअरीकडे जाते.

“मामी, कधी आलात?” तो म्हणाला, पण थांबला नाही. गाडी वाजवत निघूनही गेला.

“पळतोय कशाला हा?” जयवंताबाईंनी विचारलं.

“दूध नासतंय उशीर झाला की. बसा वैनी. जेवल्याबिगर सोडायची न्हाय.”

“वन्सं, मला एक सांगा. तुमच्या बायका काय म्हणतायत?”

“काय म्हननार? भ्याल्यात. कोन म्हनतंय जेवायचं न्हाय, कोन म्हनतंय वाढायला बी यायचं न्हाय.” मुक्ताबाई चुलीकडे तोंड करून बोलत होत्या. “तुमी कशाला ह्यात पडलात? देग आली न्हवं परत? इषय मिटवून टाका. कोनाचं नाव घ्यायची गरजच काय?”

“नाव कोणाचं घ्यायचं नाही म्हणता, आणि गाव एकाचंच घेतंय.”

“चार दिस बोलत्याल, इसरत्याल.”

“दस्तगीरभाई विसरतील?”

मुक्ताबाईंनी ताट पुढं केलं. भाकरी, वांग्याचं भरीत, आणि वाटीत गुळातली खीर. साखर वर्ज्य असली तरी नणंदेच्या हातची ही खीर जयवंताबाईंनी कधी सोडली नव्हती. त्यांनी एक चमचा तोंडात घातला. कांडलेला गहू मऊ शिजला होता, तरी दातांखाली लागत होता.

त्या चावायच्या थांबल्या. चमचा वाटीत ठेवला. मग कमरेचा रुमाल काढून त्याची गाठ सोडू लागल्या.

५

“खपली,” जयवंताबाई म्हणाल्या. “खिरीची खपली. वस्तीत जिकडंतिकडं ऊस. गहू पेरतो कोण? आप्पासाहेबांच्या घरी दुकानातनं येतो. दस्तगीरभाईंकडं दाणाच नाही, पीठ आहे. स्वप्नालीचंही तेच, रेशनचं पीठ. टरफलाचा गहू साठवून लागेल तसा कांडणारं घर एकच आहे, आणि मी त्या घरात बसून जेवतेय.”

मुक्ताबाईंनी रुमालातल्या दाण्यांकडे पाहिलंच नाही.

“चोर परत आणत नाही,” जयवंताबाई पुढं म्हणाल्या. “आणलं तर मूठ घालत नाही. मूठ घालतो तो, ज्याच्या मनात हे भांडं उसनं आणलेलं असतं. एवढी मोठी देग डोक्यावरून नेता येत नाही, गाडी लागते. वस्तीतून रोज जाणारी, कोणी मान वर करून बघत नाही अशी गाडी. बारामतीला जाणारी. आणि कल्हई करणारा बारामतीत. बोला वन्सं, की मीच बोलत राहू?”

“हात आपसूक गेला,” मुक्ताबाई म्हणाल्या. “भांडं रिकामं ठिवायला मन धजंना माझं.”

“का केलंत?”

“आत्ता न्हाय केलं. दर साली करते.”

जयवंताबाईंना हे अपेक्षित नव्हतं.

“पयल्या साली माळकरी बाया मला म्हनल्या, मुक्ताकाकी, त्यात मटान शिजतंय, आमी कशा खानार? म्या म्हनलं, इस्तवातनं गेलेलं भांडं नवं असतंय. कल्हई करून आणते, मग खाशाल का? व्हय म्हनल्या. तवापासनं जेवनाच्या आदी देग न्यायची, करून आणायची, गपचिप ठिवायची. कोठी कोन उघडतंय आदल्या दिसापतुर? औंदा मेली ती सतरंजी निघाली! बोभाटा झाल्यावर कोठीत ठिवायचं धाडस झालं न्हाय, ओट्यावरच ठिवली.”

“साळवे सरांना सांगायचं.”

“काय सांगू? त्यो मानूस म्हनतो समद्यांची एक देग. त्याला सांगू, की तुझ्या देगीला आमी आदी शुद्ध करून घेतो? आन दस्तगीरभाऊला? त्याला वाटंल त्याच्या हाताचा इटाळ धरतो आमी. तसं न्हवतं वो. जावळाचं मटान तर आमच्याच भावक्यांचं असतंय. पण त्याला तसंच वाटलं असतं.”

“म्हणून गप्प बसलात, आणि आता तो चोर ठरला.”

“सोमवारी बोलनार व्हते. चौकात उभी ऱ्हायले. आप्पासाहेब बोलत व्हते, लोकं माना डोलवत व्हती. तोंडच उघडंना.” त्यांनी पदर डोळ्यांना लावला. “वैनी, तुमी घरच्या हाय. झाकून न्या.”

जयवंताबाई संतापल्या. नोकरीत त्यांना खोटं बोलणारे पुष्कळ भेटले होते, त्यांचा त्यांना त्रास नव्हता. ही बाई भली होती, आणि तिच्या भलेपणानेच दस्तगीरभाईंचा गळा आवळला होता. ओरडावं तर कोणावर?

“ग्रामसभेपर्यंत थांबते,” त्या म्हणाल्या. “तुम्ही बोललात तर ठीक. नाहीतर मी बोलेन, आणि मी बोलले तर ते फौजदारासारखं होईल.”

वाटीतली खीर त्यांनी तशीच ठेवली.

६

झेंडावंदन झालं. पोरांना गोळ्या वाटल्या. ग्रामसभा चिंचेखाली बसली. देग मधोमध ठेवलेली होती. तिच्याभोवती दगडांची चूल मांडून तयार होती, पण कोणी पेटवत नव्हतं. दस्तगीरभाई सर्वांत मागं, भिंतीला टेकून उभे.

आप्पासाहेबांनी विषय काढला. “कल्हई बारामतीच्या याकूबनं केली, हे म्या सोता इचारून आलोय. आणली कोनी, ते इचारायची गरजच न्हवती. याकूब कोनाचा भाऊ, ते मी सांगत न्हाय. तुमीच वळखा.”

माना मागं वळल्या. साळवे सर उठू लागले, जयवंताबाईंनी त्यांना हाताने थांबवलं. त्या मुक्ताबाईंकडे बघत होत्या. मुक्ताबाई खाली बघत होत्या. मग जयवंताबाईंनी रुमाल काढला आणि सतरंजीवरून पुढं सरकवला.

मुक्ताबाई उठल्या.

“याकूबकडं म्या नेली,” त्या म्हणाल्या. “माझ्या ऋषीच्या गाडीतनं. दर साली नेते.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. सांगताना दोनदा रडल्या. साळवे सर बसल्या जागी लहान झाल्यासारखे दिसत होते.

“दर साली?” त्यांनी विचारलं.

“दर साली, सर.”

“आणि सगळ्या बायकांना माहीत होतं?”

बायकांनी पदर पुढं ओढले. सरांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि तो हातातच ठेवला.

“मंजी आमच्या बाया शुद्ध करून खात व्हत्या,” आप्पासाहेब मांडीवर थाप मारून म्हणाले. “बघा, एकोपा!”

“आप्पासाहेब, गप ऱ्हावा जरा,” मागून आवाज आला. दस्तगीरभाई पुढं येत होते. लोकांनी वाट दिली. ते मुक्ताबाईंसमोर येऊन उभे राहिले.

“याकूब मला दर साली म्हनतो, तुमच्या भागातनं एक म्हातारी देग आणते, पैशाला घासाघीस लय करते. मला वाटायचं दुसऱ्याच कुठल्या वस्तीची आसंल.”

एकदोघं हसले. दस्तगीरभाई हसले नाहीत.

“माळ तुमची, वैनी. ती तोडायला मी कवा आलो? एका शब्दानं म्हनला असता, तर मीच खांद्यावर घेऊन गेलो असतो. माझ्या भावाची भट्टी हाय. तुमी मला इचारलंच न्हाय. मला वाईट वाटंल, हे तुमीच ठरवलं. आन चोर म्हनत व्हते, तवा वाईट वाटत नसंल, हे बी तुमीच ठरवलं.”

“चुकलं, भाऊ.”

“चुकलंच.”

त्यांनी सतरंजीवरचा रुमाल उचलला, त्याची गाठ सोडली आणि दाणे मुक्ताबाईंच्या पदरात ओतले.

“ही मूठ ठिवा तुमच्याकडं. मागून नेलेल्या भांड्यात मूठ घालायची असती. न मागता नेलेल्या भांड्यातली मूठ कोनी घेत न्हाय.”

ते वळले आणि घराकडे चालू लागले. जयवंताबाईंना वाटलं, झालं, संपलं. सरपंचांनी खोल्यांचा विषय पुढच्या ग्रामसभेवर ढकलला आणि सभा संपवली. आप्पासाहेबांचा चेहरा पडला, साळवे सरांचाही खुलला नाही. बरीच माणसं कपडे झटकून उठली.

मुक्ताबाई मात्र दस्तगीरभाईंच्या मागं गेल्या. पदरातले दाणे मुठीत धरून, अनवाणी, भर रस्त्यातून. साऱ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी हाक मारली.

“दस्तगीरभाऊ! पुढल्या साली देग न्यायची हाय मला. कल्हईला. माझी माळ हाय म्हनून. देता का?”

ते थांबले. वळले नाहीत. रस्त्याने उसाचा ट्रॅक्टर आला, तो दोघांच्या मधून जाईपर्यंत कोणालाच काही दिसलं नाही.

“न्या,” ट्रॅक्टर गेल्यावर ते म्हणाले. “रिकामी आणू नका.”

मग ते परत आले, चुलीपाशी बसले आणि स्वप्नालीला म्हणाले, “काडीपेटी दे. आन रवा कोन भाजनार? का ते बी मीच?”

त्या दिवशी पंगत एकच बसली, तीही अर्धी. माळकरी बायकांतल्या दोघीचौघी राहिल्या, बाकीच्या घरी गेल्या. साळवे सरांनी पत्रावळी उचलल्या, पण बोलले कोणाशीच नाहीत. जयवंताबाई पानावर बसल्या तेव्हा वाढायला मुक्ताबाई आल्या. पळीभर लापशी पानात पडली. गोड होती, थोडी करपलेली होती. जयवंताबाईंनी ती सगळी खाल्ली आणि एसटी चुकू नये म्हणून हात धुऊन निघाल्या.